‘लायब्ररी सापडत नाही’ : सी भाषेतील आज्ञावलींपुढील एक अडचण आणि तिचे निवारण

संगणक ही आता केवळ मोठ्या शहरांतील कचेऱ्यांची मिरासदारी राहिलेली नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेपासून तंत्रनिकेतनापर्यंत आणि तहसील कचेरीपासून ग्रामपंचायतीपर्यंत तो येऊन पोहोचला आहे. संगणक वापरणाऱ्यांबरोबरच संगणकासाठी आज्ञावली लिहिणारे विद्यार्थी आणि शिक्षकही आता ग्रामीण भागात आढळू लागले आहेत. मात्र आज्ञावली लिहिणे ही एक गोष्ट आणि ती दुसऱ्या ठिकाणच्या संगणकावर सुरळीत चालविणे ही दुसरी गोष्ट, याचा अनुभव त्यांना लवकरच येतो.

समजा, एका तंत्रनिकेतनातील विद्यार्थ्याने आपल्या गावातील महिला बचत गटासाठी सी भाषेत एक छोटी आज्ञावली तयार केली. प्रत्येक सभासदाची मासिक बचत, तिने घेतलेले कर्ज आणि त्यावरील व्याज यांचा हिशेब ही आज्ञावली क्षणार्धात करते. तिचे नाव त्याने ‘बचत’ असे ठेवले. प्रयोगशाळेतील संगणकावर ती उत्तम चालली. पेनड्राइव्हवर घालून त्याने ती गावी नेली, लिनक्स प्रणाली असलेल्या तेथील संगणकावर उतरविली, चालविण्याची आज्ञा दिली. आणि हिशेबाऐवजी पडद्यावर इंग्रजीतील एकच ओळ उमटली : ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज : लिबव्याज.एसओ.१ : कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल : नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. सामायिक लायब्ररी स्मृतीत आणताना अडचण आली, ‘लिबव्याज.एसओ.१’ ही फाइल उघडता आली नाही, अशी फाइल किंवा असा फोल्डर नाही, असा तिचा अर्थ.

अशा वेळी आपली आज्ञावलीच चुकली असे विद्यार्थ्यास वाटते. कोणी सांगतो, संगणकातील सारी प्रणाली पुसून नव्याने बसवा. कोणी सुचवितो, त्या नावाची फाइल महाजालावर कोठे मिळते ती उतरवून घ्या. पहिल्या सल्ल्याने दिवस वाया जातो. दुसऱ्याने संगणकाची सुरक्षितता धोक्यात येते. बचत गट मात्र पुन्हा जुन्या वहीकडे वळतो आणि महिन्या-दोन महिन्यांचे श्रम फुकट जातात. वस्तुतः या संदेशाचा अर्थ आज्ञावली चुकली असा नसतो. तिला लागणारी एक वस्तू नेमून दिलेल्या जागी सापडली नाही, एवढेच संगणक सांगत असतो. ती वस्तू कोणती, ती कोठे शोधली गेली आणि का सापडली नाही, हे तीन प्रश्न क्रमाने विचारले तर बहुतेक वेळा अडचण थोड्याच वेळात दूर होते.

लायब्ररी म्हणजे काय?

सी ही भाषा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत विकसित केली. ब्रायन कर्निघन आणि रिची यांचे या भाषेवरील प्रसिद्ध पुस्तक १९७८ मध्ये निघाले. ही भाषा मुद्दाम आटोपशीर ठेवलेली आहे. पडद्यावर अक्षरे उमटविणे, फाइल उघडणे, वर्गमूळ काढणे अशी नित्याची कामे भाषेच्या अंगात नाहीत. ती आधीच लिहून, तपासून, एकत्र बांधून ठेवलेली असतात. अशा तयार कामांच्या संग्रहाला ‘लायब्ररी’ म्हणतात. ग्रंथालयात जसा वाचक स्वतः ग्रंथ लिहीत नाही, तेथील ग्रंथ वाचून आपले काम करतो, तसाच आज्ञावली लिहिणारा या संग्रहातील कामे वापरतो. लिनक्सवर सर्वाधिक उपयोगात असणारा संग्रह म्हणजे ‘लिबसी.एसओ.६’ हा सी भाषेचा मूळ संग्रह. गणिती कामांसाठी ‘लिबएम.एसओ.६’ हा वेगळा संग्रह आहे. उदाहरणातील विद्यार्थ्याने व्याजाचे गणित वेगळे काढून ‘लिबव्याज’ नावाचा आपला स्वतःचा छोटा संग्रह केला होता.

सी भाषेत लिहिलेला मजकूर तीन टप्प्यांतून जातो. कंपायलर त्या मजकुराचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. लिंकर हे रूपांतरित भाग आणि लागणाऱ्या लायब्ररी यांची सांगड घालून चालविण्याजोगी फाइल तयार करतो. अखेरीस, ती चालविण्याची आज्ञा मिळाल्यावर लोडर ती स्मृतीत आणतो आणि तिला लागणाऱ्या लायब्ररी शोधून जोडून देतो. वर दिलेली तक्रार या तिसऱ्या टप्प्यातील आहे. कंपायलरची नाही, लिंकरची नाही, लोडरची आहे. हे ध्यानात आले की अर्धे काम झाले.

जोडण्याच्या दोन पद्धती

कार्यालयीन कामकाजातील एका परिचित गोष्टीवरून हा भाग चटकन समजेल. एखाद्या प्रकरणात शासन निर्णयाचा आधार घ्यावयाचा असेल, तर दोन मार्ग असतात. शासन निर्णयाची संपूर्ण प्रत नस्तीला जोडता येते किंवा केवळ त्याचा क्रमांक व दिनांक लिहून ‘कृपया पाहावा’ असे म्हणता येते. पहिल्या मार्गात नस्ती स्वयंपूर्ण होते, पण जाड होते. आणि निर्णयात पुढे दुरुस्ती झाली तर जुनी प्रत तशीच राहते. दुसऱ्या मार्गात नस्ती हलकी राहते आणि अभिलेख कक्षात असलेली एकच प्रत शंभर नस्त्यांच्या कामी येते. मात्र कक्षात ती प्रत नसेल किंवा सापडली नाही, तर सर्व शंभर प्रकरणे अडून बसतात.

आज्ञावलींचेही तसेच आहे. लायब्ररीतील लागणारा भाग आज्ञावलीतच उतरवून घेण्याच्या पद्धतीस ‘स्थिर जोडणी’ म्हणता येईल. अशा लायब्ररीच्या फाइलींची नावे ‘.ए’ या अक्षराने संपतात. केवळ लायब्ररीचे नाव नोंदवून ठेवणे आणि चालविताना ती शोधून घेणे ही ‘सामायिक जोडणी’. या फाइलींच्या नावात ‘.एसओ’ ही अक्षरे असतात. ‘शेअर्ड ऑब्जेक्ट’ या शब्दांची ती आद्याक्षरे होत. एका ओळीचा नमस्कार छापणारी आज्ञावली सामायिक जोडणीने केली तर ६४ बिटांच्या लिनक्सवर तिचा आकार सुमारे १६ किलोबाइट भरतो. स्थिर जोडणीने तोच सात-आठशे किलोबाइटच्या घरात जातो. युनिक्स परिवारातील प्रणालींत सामायिक लायब्ररींचा आजचा ढाचा रूढ होण्यास १९८८ च्या सनओएस ४.० या प्रणालीने मोठी चालना दिली. लिनक्समध्येही पुढे हीच पद्धत सर्वमान्य झाली.

सामायिक जोडणीचा सर्वांत मोठा लाभ सुरक्षिततेचा आहे. लायब्ररीत एखादा दोष उघडकीस आला, तर ती एक फाइल दुरुस्त केली की तिच्यावर अवलंबून असलेल्या सर्व आज्ञावलींना, त्या पुन्हा सुरू केल्यावर, दुरुस्तीचा लाभ मिळतो. या लाभाचे मोल म्हणूनच ‘सापडत नाही’ ही तक्रार अधूनमधून सोसावी लागते.

नावातील क्रमांकाचे महत्त्व

‘लिबव्याज.एसओ.१’ या नावातील शेवटचा आकडा सजावटीचा नव्हे. तो लायब्ररीच्या मुख्य आवृत्तीचा क्रमांक आहे. सामान्यतः एकाच लायब्ररीची तीन नावे डिस्कवर आढळतात. ‘लिबव्याज.एसओ.१.०’ ही खरी फाइल असते. ‘लिबव्याज.एसओ.१’ हा तिच्याकडे बोट दाखविणारा दुवा. आज्ञावलीत नोंदले जाते ते हेच नाव. ‘लिबव्याज.एसओ’ हे बिनक्रमांकाचे नाव केवळ लिंकरच्या उपयोगाचे असते.

लहानसहान दुरुस्त्या झाल्या तर मुख्य क्रमांक तोच राहतो आणि जुन्या आज्ञावली निर्वेधपणे चालतात. जुन्या आज्ञावलींना न मानवणारा बदल झाला की क्रमांक बदलावा, असा संकेत आहे. म्हणून ‘१’ आणि ‘२’ या एकाच लायब्ररीच्या पुढच्या-मागच्या प्रती न समजता दोन वेगळ्या लायब्ररी समजणे इष्ट. जुना शासन निर्णय अधिक्रमित करून नवा निघाला असता जुन्या क्रमांकाच्या जागी नवा क्रमांक लिहून काम भागत नाही. मजकूरही पाहावा लागतो, तसेच हे आहे.

लोडर कोठे शोधतो?

लोडर संपूर्ण डिस्क धुंडाळीत नाही. त्याच्या शोधाच्या जागा आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. आज्ञावलीतच एखादा मार्ग ‘आरपाथ’ या जुन्या पद्धतीने कोरलेला असेल, तर प्रथम तो पाहिला जातो. त्यानंतर ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ नावाच्या परिवेश-चलात दिलेले फोल्डर. त्यानंतर आज्ञावलीत ‘रनपाथ’ या नव्या पद्धतीने नोंदलेला मार्ग. त्यानंतर ‘/ईटीसी/एलडी.एसओ.कॅश’ ही सूची. आणि शेवटी ‘/लिब’ व ‘/यूएसआर/लिब’ हे नेहमीचे फोल्डर. ६४ बिटांच्या काही प्रणालींत त्यांच्या नावापुढे ‘६४’ असते.

यातील सूचीचे कार्य अभिलेख कक्षातील नोंदवहीसारखे आहे. लोडर कपाटे उघडून पाहत नाही, नोंदवही पाहतो. एखादी फाइल कपाटात ठेवली, पण नोंदवहीत तिची नोंद केली नाही, तर ती असून नसल्यासारखी. ही नोंदवही अद्ययावत करण्याचे काम ‘एलडीकॉन्फिग’ ही आज्ञा करते.

या यादीत एक जागा नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. ज्या फोल्डरात आज्ञावली आहे तो फोल्डर लोडर आपण होऊन पाहत नाही. विंडोज प्रणाली तो पाहते. त्यामुळे विंडोजची सवय असलेले अनेक जण लायब्ररीची फाइल आज्ञावलीशेजारी आणून ठेवतात आणि तरीही तीच तक्रार आल्याने गोंधळून जातात. उदाहरणातील विद्यार्थ्याने गावी केवळ ‘बचत’ ही फाइल नेली होती. लायब्ररी प्रयोगशाळेतच राहिली. दुसऱ्या खेपेस त्याने लायब्ररी आणून शेजारी ठेवली, तरी संदेश बदलला नाही, त्याचे कारण हेच.

आणखी एक गैरसमज फार आढळतो. आज्ञावली तयार करताना ‘जीसीसी’ या कंपायलरला मोठ्या लिपीतील ‘एल’ या खुणेने लायब्ररीचा फोल्डर आणि लहान लिपीतील ‘एल’ने लायब्ररीचे नाव सांगितले जाते. फोल्डर एकदा सांगितला, मग पुन्हा तक्रार का, असा प्रश्न पडतो. परंतु ती माहिती लिंकरला दिलेली असते. लिंकर ती वापरतो आणि काम संपवितो. फोल्डरचा मार्ग आज्ञावलीत उतरत नाही. लोडरला त्याची वार्ताही नसते.

निदानाची पहिली पायरी

उपायाआधी निदान हा वैद्यकातील नियम येथेही लागू आहे. ‘एलडीडी’ ही आज्ञा आणि तिच्यापुढे आज्ञावलीचे नाव दिले असता, तिला लागणाऱ्या सर्व लायब्ररींची यादी पडद्यावर येते. प्रत्येक नावासमोर बाण आणि सापडलेल्या फाइलीचा संपूर्ण मार्ग असतो. जी सापडली नाही तिच्यासमोर ‘नॉट फाउंड’ हे शब्द असतात. लोडर पहिल्या अडथळ्याशीच थांबतो आणि एकच नाव सांगतो. ‘एलडीडी’ मात्र सर्व गैरहजर नावे एकदम दाखविते. त्यामुळे एक अडचण दूर केली की दुसरी पुढे येते, असे खेटे वाचतात.

एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘एलडीडी’ काही परिस्थितीत तपासावयाची आज्ञावली प्रत्यक्ष चालवू शकते. म्हणून अनोळखी ठिकाणाहून आलेल्या फाइलीवर ती वापरू नये. त्यासाठी ‘ऑब्जडंप’ ही आज्ञा ‘-पी’ या खुणेसह द्यावी आणि ‘नीडेड’ असे लिहिलेल्या ओळी पाहाव्यात. तेथे फाइल न चालविता केवळ वाचली जाते. लोडर नेमका कोठे कोठे जाऊन आला हे पाहावयाचे असेल, तर ‘एलडी_डीबग’ या चलाला ‘लिब्स’ हे मूल्य देऊन आज्ञावली चालवावी. शोधाचा सारा प्रवास ओळीओळीने समोर येतो.

कारणे आणि उपाय

निदानानंतर बहुधा पुढीलपैकी एक कारण निघते.

पहिले कारण : लायब्ररी त्या संगणकावर मुळातच नाही. ती प्रचलित लायब्ररी असेल, तर प्रणालीच्या अधिकृत भांडारातून बसवावी. कोणत्या संचात ती फाइल आहे हे डेबियन परिवारातील प्रणालींत ‘एपीटी-फाइल’ या साधनाने, तर फेडोरा परिवारात ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स’ या आज्ञेने शोधता येते. सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली डेबियनवरच आधारलेली असल्याने तेथेही पहिलाच मार्ग लागू पडतो. नावाच्या शेवटी ‘-डेव्ह’ किंवा ‘-डेव्हेल’ असलेले संच आज्ञावली तयार करणाऱ्यांसाठी असतात. केवळ ती चालवावयाची असेल तर साधा संच पुरतो.

दुसरे कारण : लायब्ररी आहे, पण नोंदवहीत नाही. मूळ मजकुरापासून स्वतः तयार केलेल्या लायब्ररी बहुधा ‘/यूएसआर/लोकल/लिब’ या फोल्डरात जाऊन बसतात. डेबियन परिवारात हा फोल्डर शोधाच्या जागांत आधीच नोंदलेला असतो. तेथे प्रशासकाच्या अधिकाराने एकदा ‘एलडीकॉन्फिग’ चालविले की काम होते. फेडोरा परिवारात तो सहसा नोंदलेला नसतो. त्यासाठी ‘/ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी’ या फोल्डरात ‘.कॉन्फ’ने संपणाऱ्या नावाची एक छोटी फाइल करून तीत त्या फोल्डरचा मार्ग लिहावा आणि मग ‘एलडीकॉन्फिग’ चालवावे. नोंद झाली की नाही, हे ‘एलडीकॉन्फिग -पी’ या आज्ञेने पडताळता येते.

तिसरे कारण : दुवा तुटलेला आहे किंवा वाचण्याची परवानगी नाही. ‘एलएस -एल’ या आज्ञेने दुवा कोणत्या फाइलीकडे जातो आणि परवानग्या काय आहेत हे दिसते. प्रशासक म्हणून चालविल्यास आज्ञावली चालते, सामान्य वापरकर्त्यास मात्र चालत नाही, असे घडले तर प्रथम परवानग्या तपासाव्यात.

चौथे कारण : लायब्ररी दुसऱ्या जातीची आहे. ३२ बिटांच्या आज्ञावलीस ६४ बिटांची लायब्ररी उपयोगाची नाही. नाव तेच, जागा तीच, तरीही लोडर ती बाजूला सारून पुढे जातो. ‘फाइल’ नावाची आज्ञा दोन्ही फाइलींची जात सांगते. ती जुळते का हे पाहावे.

तात्पुरता उपाय आणि त्याच्या मर्यादा

‘एलडी_लायब्ररी_पाथ’ या चलात फोल्डर लिहून तक्रार तत्काळ दूर करता येते. चाचणीसाठी हा उपाय चांगला आहे आणि लायब्ररी तीच आहे याची खात्री त्याने होते. पण तो कायमचा करण्याचा मोह टाळावा. हे चल त्या खिडकीतून चालणाऱ्या सर्वच आज्ञावलींना लागू होते. एकीसाठी दाखविलेला फोल्डर दुसरीला चुकीची लायब्ररी देऊ शकतो. विशेष अधिकारांनी चालणाऱ्या आज्ञावलींच्या बाबतीत लोडर सुरक्षिततेसाठी या चलाकडे दुर्लक्ष करतो. शिवाय यादीत चुकून रिकामी जागा राहिली, तर तिचा अर्थ ‘सध्याचा फोल्डर’ असा घेतला जातो आणि कोणी तेथे ठेवलेली बनावट लायब्ररीही उचलली जाऊ शकते.

नाव बदलण्याचा मोह

याहून घातक मार्ग म्हणजे एका क्रमांकाच्या लायब्ररीला दुसऱ्या क्रमांकाचे नाव देणे. याचे अलीकडचे उदाहरण उद्बोधक आहे. संदेशवहन सुरक्षित करणाऱ्या ओपनएसएसएल या संग्रहाची ३.० ही आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये निघाली आणि तिच्या लायब्ररीचे नाव ‘लिबएसएसएल.एसओ.३’ असे झाले. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या उबुंटू २२.०४ या प्रणालीने ही नवी आवृत्ती स्वीकारली. त्यासरशी ‘लिबएसएसएल.एसओ.१.१’ मागणाऱ्या जुन्या आज्ञावली तेथे थांबल्या. नव्या फाइलीला जुन्या नावाचा दुवा केल्यास लोडरला फाइल मिळते, पण आतील रचना बदललेली असल्याने जुळणी होत नाही आणि आज्ञावली दुसऱ्या तक्रारीने बंद पडते. अन्यत्र, जेथे असा ताळा होत नाही, तेथे आज्ञावली चालते पण चुकीची उत्तरे देण्याचा संभव राहतो, आणि हिशेबाच्या कामात ते बंद पडण्याहून वाईट. जुनी १.१ ही मालिका मिळवून बसविणे हाही दीर्घकालीन उपाय नव्हे. सप्टेंबर २०२३ मध्ये तिच्या सार्वजनिक सुरक्षा दुरुस्त्या थांबल्या आहेत. आज्ञावली नव्या लायब्ररीशी जुळवून पुन्हा तयार करणे किंवा निर्मात्याकडून नवी आवृत्ती घेणे, हाच योग्य मार्ग होय.

याच जातीचा एक संदेश ‘जीलिबसी’ची अमुक आवृत्ती सापडत नाही असे सांगतो. नव्या प्रणालीवर तयार केलेली आज्ञावली जुन्या प्रणालीवर नेली की तो दिसतो. ‘जीलिबसी’ ही लिनक्सवरील सी भाषेची मूळ लायब्ररी; प्रणालीतील जवळजवळ प्रत्येक साधन तिच्यावर उभे आहे. ती हाताने बदलण्याचा प्रयत्न केल्यास संपूर्ण संगणक निकामी होऊ शकतो. जुनी आज्ञावली नव्या प्रणालीवर सामान्यतः चालते, नवी जुन्यावर चालेलच असे नाही. म्हणून वापरात असलेल्या संगणकांपैकी सर्वांत जुन्या प्रणालीवर ती तयार करावी, हा व्यवहार्य नियम आहे.

कधी कधी तर आज्ञावलीची फाइल डोळ्यांसमोर असूनही संगणक तीच फाइल नाही असे सांगतो. येथे हरवलेला असतो तो स्वतः लोडर. ३२ बिटांची आज्ञावली केवळ ६४ बिटांची सामग्री असलेल्या प्रणालीवर नेली असता हे घडते. ३२ बिटांचे मूळ संच बसविल्यावर ही अडचण दूर होते.

विंडोज वापरणाऱ्यांसाठी

अनेक कार्यालयांत आणि शाळांत विंडोज प्रणाली आहे. तेथे याच लायब्ररींना ‘डीएलएल’ म्हणतात आणि ‘व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल’ सापडत नाही असा संदेश पुष्कळांनी पाहिला असेल. त्या नावाची सुटी फाइल कोणत्याही संकेतस्थळावरून उतरवून घेणे धोक्याचे आहे. नाव तेच असले तरी आत काय आहे याची शाश्वती नसते. ही फाइल मायक्रोसॉफ्टच्या ‘व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल’ या अधिकृत संचाबरोबर येते. तो संच मायक्रोसॉफ्टकडूनच घेऊन बसवावा. आज्ञावली ३२ बिटांची असेल तर संचही ३२ बिटांचा लागतो, मग संगणक ६४ बिटांचा का असेना.

आज्ञावली दुसऱ्याच्या हाती देताना

बरीचशी कटकट मुळातच टाळता येते. आज्ञावली देणाऱ्याने तिच्यासोबत लागणाऱ्या लायब्ररींची नावे व आवृत्त्या आणि ती कोणत्या प्रणालीवर तयार केली, याचे एक पान द्यावे. नियम १९६० चे की १९७० चे हे न सांगता केवळ ‘नियमांनुसार’ असे लिहिलेली टिप्पणी जशी पुढील अधिकाऱ्यास निरुपयोगी, तशीच अशा पानाशिवाय दिलेली आज्ञावली.

लायब्ररी स्वतःचीच असेल तर ती आज्ञावलीच्या फोल्डरातच ठेवून, जोडणीच्या वेळी ‘आरपाथ’ या पर्यायात ‘डॉलर-ओरिजिन’ हा संकेत द्यावा. ‘जेथे आज्ञावली आहे तेथेच शोध’ असा त्याचा अर्थ. मग तो फोल्डर पेनड्राइव्हवरून कोठेही नेला तरी लायब्ररी सापडते. अगदी लहान आज्ञावलीस ‘-स्टॅटिक’ या पर्यायाने स्थिर जोडणी करणेही चालते. मात्र लायब्ररीत पुढे दुरुस्ती झाली तर आज्ञावली पुन्हा तयार करून वाटावी लागेल, ही जबाबदारी तिच्याबरोबर येते.

उदाहरणातील विद्यार्थ्यापुढे यांपैकी दोन मार्ग खुले होते. लायब्ररी ‘/यूएसआर/लोकल/लिब’मध्ये ठेवून ‘एलडीकॉन्फिग’ चालविणे हा पहिला. पण त्यासाठी गावातील संगणकाच्या प्रशासकाचा परवलीचा शब्द हवा. ‘डॉलर-ओरिजिन’ देऊन आज्ञावली नव्याने जोडणे हा दुसरा. त्यास कोणाच्या अनुमतीची गरज नाही. जेथे एकाच संगणकावर अनेकांचे काम चालते, तेथे दुसरा मार्ग अधिक सोयीचा.

समारोप

केंद्र शासनाने २०१५ मध्ये मुक्त स्रोत प्रणालींचा शासकीय कामकाजात अंगीकार करण्याचे धोरण जाहीर केले. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात सी भाषा आणि लिनक्स या विषयांवरील दृक्‌श्राव्य पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहेत. साधने आहेत, शिक्षणाची सोयही आहे. उणीव भासते ती अडचण आल्यावर न गोंधळता संदेश वाचण्याच्या सवयीची.

संगणकाचा संदेश इंग्रजीत आणि रुक्ष असला तरी तो खोटे सांगत नाही. त्यातील फाइलीचे नाव वहीत उतरवून घ्यावे, ‘एलडीडी’ने गैरहजर नावांची यादी करावी, कारण ओळखावे आणि मगच हात घालावा. शिक्षकांनी प्रयोगशाळेत ही अडचण एकदा मुद्दाम निर्माण करून विद्यार्थ्यांकडून सोडवून घेतली, तर तिची भीती कायमची जाईल. गावातील संगणक सांभाळणाऱ्याने बसविलेल्या संचांची व दिनांकांची एक साधी नोंदवही ठेवली, तर उद्या त्याच्या जागी येणाऱ्यास अंधारात चाचपडावे लागणार नाही. बचत गटाच्या बैठकीत पडद्यावर व्याजाचा बिनचूक आकडा उमटला, तर त्या नोंदवहीचे आणि त्या सरावाचे चीज झाले असे म्हणता येईल.